वाघ एक, रानकुत्रे चार

तर झालं असं... दिवाळीत चंद्रपूरला गेलो होतो, तिथे भाच्याला आणि त्याच्या तीन मित्रांना डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकवायला बसलो. (पात्रं खेळाडूंची, बाकीचं जग डंजन मास्टरचं, निकाल फाशांवर.) ड्रॅगन-बिगन बाजूला ठेवले. मोहीम निघाली जटपुरा गेटमधून ताडोबाच्या जंगलात.

पहिली गाठ वाघाशी. पोरांची तंतरली होती, पण चौघांनी घेरला आणि दुसऱ्याच फेरीत वाघ खलास. मग चार रानकुत्रे सोडले (आकडे पुस्तकातल्या लांडग्याचे घेतले), तर दोन पात्रं आडवी!

पुस्तकात वाघाचे अनुभव-गुण २००, लांडग्याचे ५०. चार लांडगे म्हणजे पण २००च. मग गडबड कुठे?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा असा हिशोबच नव्हता. तळघर जितकं खोल, तितके राक्षस भारी. किती खाली उतरायचं ते खेळाडूंनी ठरवायचं; मेलात तर तुमची हौस. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्राण्याला 'चॅलेंज रेटिंग' मिळालं, म्हणजे कुठल्या पातळीच्या चौघांना तो झेपेल याचा आकडा. जबाबदारी गुपचूप खेळाडूंकडून मास्टरकडे सरकली. मला विचाराल तर खरा बदल हाच.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने संख्येचा गुणक आणला: तीन ते सहा प्राणी असले की बेरीज दुप्पट. म्हणजे पहिल्या पातळीच्या चौघांना वाघ 'मध्यम', पण चार लांडगे ४००, थेट 'जीवघेणे'. कारण साधं आहे. वाघाला फेरीत एक पाळी, त्यांना चार. वर सावजाजवळ जोडीदार असला की लांडगा दोन फासे टाकून मोठा घेतो.

२०२४ च्या पुस्तकातून हा गुणक काढला. हिशोब सोपा झाला, आणि मी नेमका तोच वापरला होता. आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात. असो.

तिसरं पात्र पडणार असं दिसलं, तेव्हा मी फासा पडद्याआड टाकला. आले १९, सांगितले ४. कुत्रे पळाले, मोहीम वाचली. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आतापर्यंत तर समोरच टाकत होता ना तू?"

पुढचा डाव संक्रांतीला. कुत्रे किती ते आधीच सांगणार आहे. भिडायचं की पळायचं ते पोरं ठरवतील. पडदा पुण्यातच ठेवून जाणार.