यादी आणि बिऱ्हाड

वडिलांची नोकरी बदलीची होती. खानापूर, चिकोडी, निपाणी असे करत आमचे बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी हलायचे. ट्रक ठरला की आई आधी कागद-पेन्सिल मागायची आणि यादी करायला बसायची. तिच्या यादीचे दोन भाग असत. मीठ, मिरची, गूळ, रॉकेल हे नव्या गावच्या बाजारातही मिळणारच, म्हणून त्यांची नुसती नावे लिहायची. देव, जाते, आजीची गोधडी आणि वडिलांची कागदपत्रे मात्र उचलून न्यायची. "जे तिथं मिळतं ते वाहून न्यायचं नाही, आणि जे तिथं मिळत नाही ते विसरायचं नाही," हे तिचे स्थलांतरशास्त्र. या शास्त्राशी माझी पुन्हा गाठ पडली ती २०१७ साली, वाचनालयातल्या एका मरायला टेकलेल्या संगणकापुढे.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयाचे काम पाहत होतो. तिथल्या दिवंगत ग्रंथपालांनी आयुष्याची शेवटची आठ वर्षे खर्चून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पुस्तकांची सूची संगणकावर चढवली होती. सूचीची कार्डे वाळवीने खाल्ली होती. म्हणजे ती सूची जगात फक्त त्या एका यंत्रात होती, आणि ते यंत्र दिवसातून चार वेळा आपोआप बंद पडत होते. एका सभासदाने नवा संगणक भेट दिला. प्रश्न होता तो जुन्यातले सारे नव्यात न्यायचे कसे, हा.

दोन्हींवर डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली होती. जुन्यावर २०१३ ची सातवी आवृत्ती, नव्यावर २०१७ ची नववी. मी विचार केला, यात काय मोठेसे? सारे प्रोग्रॅम 'यूएसआर' नावाच्या कप्प्यात असतात असे ऐकले होते. तो कप्पा पेनड्राइव्हवर उचलला आणि नव्या यंत्रातल्या त्याच कप्प्यावर ओतला. परिणाम असा की नवे यंत्रही बंद पडले. त्यातला कोणताही प्रोग्रॅम चालवायला जावे तर उत्तर यायचे, 'अशी फाईल नाही.' फाईल तर डोळ्यांसमोर दिसत होती!

वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी एक इंजिनिअरिंगचा मुलगा यायचा. घरची भाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलेली, पण चांगली. त्याने डोके हलवले. म्हणाला, "सर, तुम्ही घराच्या भिंतीच उचलून आणल्या. भिंती नाही आणायच्या. यादी आणायची."

मी चमकलो. हे तर आईचे वाक्य.

* * *

त्या मुलाने मला पुढे जे सांगितले, आणि नंतर कुतूहलाने मी जे वाचत गेलो, तो एक छोटासा इतिहासच आहे. राजे आणि लढाया नसलेला, पण माणसांचा.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रोग्रॅम सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता यावेत, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. गाभा आणि ग्नूची अवजारे एकत्र आली, पण सामान्य माणसाला ती जोडून घेणे अवघड. मग काही जणांनी हे सारे एकत्र बांधून वाटायला सुरुवात केली. १९९३ च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्केर्डिंग यांचे स्लॅकवेअर आले. त्यातले सामान म्हणजे नुसती बोचकी. बोचके सोडले की वस्तू जागोजागी पडत. एका बोचक्याला दुसरे लागते का, हे ज्याचे त्याने पाहायचे.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांचा जोड म्हणजे डेबियन. त्याला नीटनेटके घर हवे होते. त्यासाठी लिहिलेले अवजार म्हणजे डीपीकेजी. पहिले रूप मर्डॉकचे, पण १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी ते नव्याने लिहिले आणि त्याला आजचा घाट आला.

डीपीकेजीचे मोठेपण वस्तू ठेवण्यात नाही, नोंद ठेवण्यात आहे. डेबियनचे प्रत्येक पॅकेज म्हणजे एक पेटी. तिच्यात दोन गठ्ठे. एकात प्रत्यक्ष फाईली. दुसऱ्यात ओळखपत्र: नाव काय, आवृत्ती कोणती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, आणि चालायला सोबत कोण लागते. पेटी उघडली की यंत्र ही सारी माहिती आपल्या वहीत उतरवते. कोणती फाईल कोणत्या पॅकेजची, हे मग केव्हाही विचारता येते. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची नोंद असावी, तसे. मी जे ओतले होते त्याची नोंद या वहीत नव्हती. त्यातून जुने यंत्र ३२ बिटांचे आणि नवे ६४ बिटांचे. जुन्या प्रोग्रॅमला उठवणारा मदतनीस नव्या घरात नव्हताच. 'अशी फाईल नाही' म्हणजे ती फाईल नाही असे नव्हे, तिला चालवणारा तो मदतनीस नाही. अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसासारखे यंत्राचे ते उत्तर होते.

याच सुमारास आणखी एक मोलाचे काम झाले. फेब्रुवारी १९९४ मध्ये लिनक्सच्या निरनिराळ्या वितरकांसाठी कप्प्यांची एक समान मांडणी जाहीर झाली. प्रोग्रॅम 'यूएसआर'मध्ये, मांडणीचे नियम 'ईटीसी'मध्ये, सतत बदलणारा माल 'व्हार'मध्ये, माणसांचे स्वतःचे लेखन 'होम'मध्ये. बाजारात मिळणारे एका बाजूला आणि घरचे दुसऱ्या बाजूला. आईच्या यादीचे दोन भाग इथेही झाले. हे ठरले नसते तर बिऱ्हाड हलवणे कायम भिंती पाडण्यासारखेच राहिले असते.

१९९५ मध्ये रेड हॅटच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम हे असेच अवजार आणले. आता पेट्या चांगल्या बांधल्या जात होत्या, नोंदी होत होत्या. तरी एक छळ उरला होता. एक पेटी उघडावी तर ती म्हणे, 'माझ्यासोबत अमुक हवे.' ते आणावे तर ते म्हणे, 'मला तमुक हवे.' लग्नाच्या वऱ्हाडासारखे, एकाला बोलावले की दहा जण निघायचे, आणि त्यातला एक जरी रुसला तरी मांडव अडे. यावरचा उपाय डेबियनमध्ये ॲप्ट या नावाने आला. १९९८ मध्ये त्याची पहिली रूपे दिसली आणि मार्च १९९९ च्या आवृत्तीत ते सर्वांच्या हाती पडले. ॲप्टला फक्त नाव सांगायचे. सोबतचे वऱ्हाड तो स्वतः शोधतो, कोठारातून आणतो आणि क्रमाने बसवतो. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम पुढे यम या अवजाराने केले. त्याला ड्यूक विद्यापीठात काम करणाऱ्या सेथ विडाल यांचा हात लागला.

१९९६ च्या डेबियनमध्ये ४७४ पॅकेजे होती. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ती सत्तर हजारांच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्यात कोणी वस्तू उचलून न्याव्यात हे शक्यच नाही. नेता येतात ती नावेच.

* * *

आता आमच्या वाचनालयात परत येऊ.

नव्या यंत्रावर त्या मुलाने प्रणाली पुन्हा कोरी चढवली. जुन्या यंत्रावर त्याने डीपीकेजीला 'निवड सांग' अशा अर्थाची आज्ञा दिली. एका क्षणात सगळ्या पॅकेजांची नावे एका साध्या फाईलीत उतरली, प्रत्येकापुढे 'बसवायचे', 'काढायचे' असा शेरा. ती फाईल नव्या यंत्राला वाचून दाखवायची आणि ॲप्टला सांगायचे, 'या निवडीप्रमाणे घर लाव.' काम एवढेच.

एवढेच असते तर हा लेख इथेच संपला असता. नव्या यंत्राने ओळीओळीला कुरकुर केली, 'हे नाव माझ्या नोंदीत नाही.' कारणे दोन निघाली. एक म्हणजे नव्या डीपीकेजीला बाजारात काय काय मिळते याची सूची आधी दाखवावी लागते, तिच्यात नसलेली नावे तो स्वीकारत नाही. ती दाखवली, कुरकुर बरीच कमी झाली. दुसरे कारण खोल होते. यादीतल्या पुष्कळ नावांना ३२ बिटांच्या जातीचे शेपूट होते, आणि कित्येक नावे जुन्या आवृत्तीतल्या सोबत्यांची होती, जी नव्या आवृत्तीत उरलीच नव्हती.

"सर, आपण वऱ्हाडाची यादी आणली," तो म्हणाला. "नवरा-नवरीची आणायला पाहिजे."

मग त्याने दुसरी आज्ञा दिली. ॲप्ट एक गोष्ट लक्षात ठेवतो: कोणते पॅकेज माणसाने मागून घेतले आणि कोणते नुसते सोबत आले. मागून घेतलेल्यांची यादी जेमतेम दीड पान भरली. ती वाचताना मी गप्प झालो. कन्नड टंक. देवनागरी टंक. शब्दकोश. सूचीसाठी लागणारा विदागार. ग्रंथपालांनी आठ वर्षांत एकेक करून काय हवे म्हटले होते, ते माझ्यापुढे होते. माणसाची यादी वाचली की माणूस भेटतो.

त्या यादीत एक नाव मला परके वाटले, 'आइसवीझल'. हा फायरफॉक्सच. नाव आणि चिन्ह यांच्या हक्कावरून वाद झाल्यामुळे २००६ मध्ये डेबियनने त्याचे नाव बदलले आणि वाद मिटल्यावर २०१६ मध्ये मूळ नाव परत आले. मी विचारले, "मग जुन्या नावाने मागितले तर?" तो म्हणाला, "मिळतं की. जुन्या नावाची एक रिकामी पेटी ठेवलेली असते. तिच्यात काही नसतं, फक्त नव्या घराचा पत्ता असतो." तसेच झाले. आइसवीझल मागितले, फायरफॉक्स आला.

आमच्या शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी बेळगावी झाले. घरात आम्ही बेळगाव म्हणतो. तो मुलगा पहिल्यापासून बेळगावीच म्हणतो. त्या संध्याकाळी त्या रिकाम्या पेटीविषयी ऐकून आम्ही दोघेही थोडे हसलो, आणि कोणी काही बोललो नाही.

वाचनालयात इंटरनेट नव्हते. तेव्हा ॲप्ट-ऑफलाइन नावाचे अवजार कामी आले. ऋतेश राज सराफ या भारतीयाने लिहिलेले. जाळ्याची सोय नसलेले यंत्र आपल्या गरजांची चिठ्ठी लिहून देते, ती पेनड्राइव्हवर घालून जाळे असलेल्या दुसऱ्या यंत्रावर न्यायची, तिथून माल भरून आणायचा. वाण्याकडे यादी पाठवून पिशवी भरून आणण्यासारखेच. मुलगा रात्री घरून पिशवी भरून घेऊन आला.

शेवटी राहिले जाते आणि देव, म्हणजे प्रत्यक्ष सूची. विदागाराच्या फाईली तशाच उचलू नका, त्याने बजावले. जुन्यावर मायएसक्यूएल होते, नवव्या आवृत्तीत त्याच्या जागी त्याच घराण्यातले मारियाडीबी आले होते. त्याने सगळी सूची साध्या मजकुरात उतरवून घेतली आणि नव्यात भरली. ग्रंथपालांनी सुरुवातीपासून युनिकोडचा आग्रह धरला होता, म्हणून दोन्ही लिप्या जशाच्या तशा उतरल्या. जुन्या खासगी टंकात टाइप केले असते तर हातात नुसती ठिगळे आली असती.

शोधाच्या चौकटीत मी एक मराठी पुस्तक टाकले. आले. मुलाने एक कन्नड टाकले. तेही आले, त्याच रकान्यात, त्याच ग्रंथपालांच्या बारीक टिपणासह: 'बांधणी सैल, जपून द्यावे.'

दुसऱ्या आठवड्यात जुने यंत्र कायमचे बंद पडले.

मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात गेले, सेथ विडाल २०१३ मध्येच. दोघांचेही वय जाण्याचे नव्हते. त्यांना आमच्या वाचनालयाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो जणांनी, बहुतेकांनी फुकट, एवढेच पाहिले की कोणाचेही बिऱ्हाड कुठेही हलवता यावे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये.

ते दीड पान मी छापून घेतले आहे. वाचनालयाच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. पुढचे यंत्र बंद पडेल तेव्हा मी असेन की नसेन, ठाऊक नाही. यादी असेल.