पुस्तकात नसलेलं देऊळ

१९९३ साली थोरला शिकायला पुण्याला निघाला. त्याआधी चौघांनी कुठेतरी जाऊन यावं, असं हिनं सुचवलं. मुलांना मुंबईचा समुद्र हवा होता, मला वेरूळ. शेवटी खिशाकडे बघून गडचिरोलीहून एसटीने चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला गेलो. विदर्भाची काशी म्हणतात त्याला. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेत मी अनेकदा आलेलो, पण रांगेच्या गर्दीत भिंतीवरच्या मूर्तींकडे मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं! कनिंगहॅमने मात्र १८७३ ते ७५ च्या दौऱ्यात ही देवळं बघून अहवालात नोंदवली होती.

थोरला म्हणाला, "बाबा, तुम्ही वर्गात वेरूळ शिकवलंत, हे का नाही?"

"पुस्तकात नव्हतं."

तो गप्प राहिला. पुढे चौघं मिळून आम्ही कुठे गेलोच नाही.