सर्व्हर मध्येच बंद पडतो तेव्हा दोष कुणाचा? फर्मवेअर आणि दोषशोधाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं कापलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय.

आजचा विषय होम लॅबवाल्यांचा. म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन, कुठल्यातरी कंपनीतून निघालेला जुना सर्व्हर बोर्ड आणायचा, तो घरातल्या कोपऱ्यात बसवायचा आणि त्यावर कुटुंबाचे फोटो, बॅकअप, स्वतःचे प्रयोग चालवायचे. अशी हौस असणारी मंडळी आता आपल्याकडेही बरीच झाली आहेत. आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "दहा दिवस नीट चालतो, अकराव्या रात्री आपोआप रिस्टार्ट होतो. बायोस अपडेट करून बघू का?"

प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या पोटात पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. आणि पणाला काय लागलंय? तर वीस वर्षांचे फोटो. सर्व्हर बंद पडला तर निदान कळतं तरी. तो चालू राहून चुकीचं काहीतरी लिहीत राहिला, तर ते फोटो उघडायला जाऊ तेव्हाच कळतं.

शनिवार-रविवारची कामं

सुरुवात करू अमेरिकेतल्या बेल लॅब्जपासून. १९४०च्या दशकाचा उत्तरार्ध. रिचर्ड हॅमिंग नावाचे गणितज्ञ तिथे रिलेवर चालणारा संगणक वापरत. त्यांच्या वाट्याला यंत्र यायचं ते शनिवार-रविवारी, जेव्हा तिथे कुणी माणूस हजर नसे. या यंत्राला स्वतःची चूक ओळखता यायची. पण चूक सापडली की ते काम टाकून देऊन पुढचं घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं, तर हॅमिंग यांचं काम तसंच पडलेलं!

वैतागलेल्या हॅमिंग यांना प्रश्न पडला, की यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे शोधून ते स्वतःच दुरुस्त का करू शकत नाही? त्यांनी याचं गणित मांडलं आणि १९५० साली प्रसिद्ध केलं. आज सर्व्हरच्या मेमरीवर आपण जे 'ईसीसी' हे नाव वाचतो, त्याचं मूळ तिथे आहे. डीडीआर४ पर्यंतच्या ईसीसी मेमरीत माहितीच्या ६४ बिट्सबरोबर ८ जादा बिट ठेवतात. त्यांच्या जोरावर एका बिटची चूक जागेवरच सुधारता येते आणि दोन बिट्सची चूक निदान ओळखता तरी येते.

मंडळी, एक फरक इथेच लक्षात ठेवा. चूक होणं वेगळं, चूक कळणं वेगळं आणि ती सुधारणं आणखी वेगळं. पुढची सगळी गोष्ट या तीन पायऱ्यांवरच चालते.

नववा बिट

आता येऊ १९८१ मध्ये. ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये अवघ्या ८ किलोबाइटचा एक प्रोग्राम कायमचा कोरलेला होता, तोच बायोस. वीज आली की सगळ्यात आधी हा जागा होणार, मेमरी तपासणार, डिस्क शोधणार आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणार. 'बायोस' हे नाव आयबीएमचं नव्हे बरं का. ते गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून आलं.

आयबीएमने या बायोसचा संपूर्ण प्रोग्राम आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला होता. वाचायची मुभा होती, नक्कल करायची नव्हती. म्हणून कॉम्पॅकने तो न वापरता, फक्त त्याच्या वागणुकीवरून स्वतःचा बायोस नव्याने लिहवून घेतला आणि १९८३ मध्ये आपला पीसी विकायला काढला. फिनिक्स या कंपनीने तर असा बायोस इतर उत्पादकांना विकायलाच सुरुवात केली. आज शंभर कंपन्यांचे बोर्ड मिळतात, त्यामागे ही घटना आहे. पण त्याचबरोबर त्या छापील पुस्तिकेतला मोकळेपणाही संपला. बायोस बंद पेटीत गेला, आणि तिथून तो फारसा बाहेर आलेला नाही.

त्या पहिल्या पीसीत मेमरीच्या प्रत्येक ८ बिट्समागे नववा बिट असायचा, पॅरिटीचा. चूक दिसली की पडद्यावर पॅरिटीचा संदेश यायचा आणि यंत्र थांबायचं. चूक सुधारायची नाही, फक्त कळायची. पण ही भीती काल्पनिक नव्हती. इंटेलचे टिमथी मे आणि मरी वूड्स यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं, की चिपच्या वेष्टनातच युरेनियम आणि थोरियमचे अतिसूक्ष्म अंश असतात. त्यांच्यातून निघणारे अल्फा कण मेमरीतला बिट पालटू शकतात. पुढे घरगुती संगणकातून नववा बिट गेला. कारण साधं होतं, पैसे वाचत होते. सर्व्हरमध्ये मात्र ईसीसी टिकून राहिली.

लिंचबर्गचे प्राध्यापक

आता या भागातला माझा सगळ्यात आवडता माणूस. थॉमस नाइसली, व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक. ते जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४ च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या यंत्रांच्या ताफ्यात एक नवा पेंटियम घेतला. (पेंटियमच्या विकासाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, म्हणून हे नाव आपल्याला परकं नाही.) जूनमध्ये लक्षात आलं, की उत्तरं जुळत नाहीत.

आता बघा, या माणसाने काय केलं. 'प्रोसेसर खराब आहे' अशी ओरड केली नाही. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला. मग कंपायलर. मग मदरबोर्ड. एकेक संशयित बाजूला काढत गेले. तेच गणित जुन्या ४८६ यंत्रावर बरोबर येतं आणि वेगवेगळ्या पेंटियमवर चुकतं, इथवर पोहोचायला त्यांना ऑक्टोबर उजाडला. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. ८२४६३३७०२४४१ या संख्येने १ ला भागलं की पेंटियम चुकतो, इतका नेमका पुरावा त्यांच्या हातात होता.

दोष भागाकाराच्या एका तक्त्यात होता. १०६६ घरं भरायची होती, त्यातली ५ रिकामी राहिली होती. तो तक्ता सिलिकॉनमध्येच कोरलेला, त्यामुळे कुठल्याही बायोस अपडेटने तो सुधारणं शक्य नव्हतं. डिसेंबरमध्ये इंटेलने चिप बदलून द्यायचं जाहीर केलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला.

१९९५ साली आलेल्या पेंटियम प्रो पासून इंटेलच्या या प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड अपडेट करायची सोय आली. म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या काही वागणुकीला बाहेरून ठिगळ लावता येऊ लागलं. हे ठिगळ कायमचं नसतं. वीज गेली की पुसलं जातं, आणि दर वेळी सुरू होताना बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम ते पुन्हा लावते. म्हणूनच आज 'बायोसची आवृत्ती कुठली?' हा प्रश्न खरंतर 'प्रोसेसर कसा वागतोय?' असाही असतो.

जे बदलता येतं ते बिघडवताही येतं

एव्हाना बायोसही कोरीव राहिला नव्हता, फ्लॅश चिपमध्ये आला होता. घरबसल्या अपडेट करता येऊ लागला. या सोयीची किंमत २६ एप्रिल १९९९ ला कळली. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. तो डिस्कची सुरुवात तर खोडायचाच, शिवाय काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये कचरा लिहायचा. असा बोर्ड पुन्हा सुरूच व्हायचा नाही. चिप काढून नव्याने लिहावी लागे. बोर्डवर दोन बायोस चिप ठेवायची पद्धत का हवीशी वाटते, ते अशा प्रसंगांतून कळतं.

त्याच वर्षी, १९९९ मध्ये, लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांच्यापुढे वेगळंच दुखणं होतं. शेकडो पीसी जोडून महासंगणक करायचा, तर प्रत्येकाचा बायोस माणूस समोर बसलाय असं धरून चालणार. कीबोर्ड नाही? मग 'एफ१ दाबा' म्हणून थांबणार. आता कीबोर्डच नाही तर दाबायचं काय? त्यांनी लिनक्सबायोस नावाचा खुला पर्याय सुरू केला. तोच आज कोरबूट म्हणून ओळखला जातो. दुसरीकडे मोठ्या कंपन्यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक आणलं. सर्व्हर बोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणकच बसवायचा, जो मुख्य यंत्र मेलेलं असतानाही तापमान, व्होल्टेज आणि मेमरीच्या चुकांची नोंद ठेवेल. जुना सर्व्हर बोर्ड घेणाऱ्याच्या हाती आलेली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि गंमत म्हणजे रिस्टार्ट झाल्यावर तिची नोंदवही आधी उघडणारे फार थोडे.

औषधानेच आजार

आता अलीकडचे तीन प्रसंग सांगतो. तिन्ही वेगवेगळ्या जातीचे आहेत.

पहिला, २०१७. इंटेलचे ॲटम सी२००० प्रोसेसर. कमी वीज खाणारे, त्यामुळे घरगुती स्टोरेज सर्व्हरमध्ये लोकप्रिय. त्यातला एक घड्याळाचा सिग्नल काळानुसार क्षीण होत जायचा. नीट चाललेलं यंत्र एका दिवशी रिस्टार्ट केलं की परत उठायचंच नाही. काही हौशी मंडळींनी एक साधा रेझिस्टर सोल्डर करून आपली यंत्रं जिवंत केली. इथे बायोस कितीही वेळा बदलला असता तरी उपयोग शून्य.

दुसरा, जानेवारी २०१८. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्या आणि घाईने मायक्रोकोड आले. हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची यंत्रं त्यानंतर जास्तच रिस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेललाच सांगावं लागलं, की हे अपडेट सध्या लावू नका. म्हणजे ज्याने वेळेवर अपडेट केलं, त्याचाच सर्व्हर डळमळला.

तिसरा, २०२४. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. गेम उघडताना संदेश यायचा, की ग्राफिक्स कार्डची मेमरी अपुरी आहे. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, आणि दोष होता प्रोसेसरमध्ये! मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप झिजत होती. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. इथे अपडेट लवकरात लवकर करणं हेच शहाणपण होतं.

एकदा अपडेट निरुपयोगी, एकदा घातक, एकदा अत्यावश्यक. आता सांगा, 'बायोस अपडेट करू का?' याचं एकच उत्तर कसं देणार?

मग करायचं काय?

या इतिहासातून माझ्या मते तीन गोष्टी हाती लागतात.

एक, तक्रार जिथून येते तिथेच दोष असेल असं नाही. आधी नोंदी वाचा. ईसीसीच्या चुका त्यात दिसतात का ते बघा. टोरंटो विद्यापीठ आणि गुगल यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांवर दुरुस्त करता येण्याजोगी एक तरी चूक नोंदली गेली होती. बऱ्याचशा चुका अल्फा कणांसारख्या क्षणिक कारणांपेक्षा पट्टीतल्या कायमच्या दोषाकडे बोट दाखवत होत्या. म्हणजे तीच पट्टी पुन्हापुन्हा ओरडत असेल, तर अवकाशातल्या किरणांना दोष देऊ नका. पट्टी बदला.

दोन, नाइसली सरांची पद्धत. एका वेळी एकच बदल. पट्टी काढली, बायोस बदलला आणि पॉवर सप्लायही नवा लावला, मग यंत्र सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. आणि यंत्र दहा दिवसांनी पडत असेल, तर एका रात्रीच्या चाचणीने काही सिद्ध होत नाही. तेवढेच दिवस वाट बघायला हवी, खरंतर दुप्पट. कामाच्या ओझ्याखाली पडतं की रिकामं बसलेलं असताना, हेही टिपून ठेवा. पहिल्या पिढीचे काही रायझन संगणक लिनक्सवर निवांत असतानाच गोठायचे, आणि बायोसमधली वीजबचतीची एक सेटिंग बदलली की सुधारायचे.

तीन, अपडेट करायचंच ठरलं तर आधी त्याबरोबरची टिपणं वाचा. आत्ताच्या आवृत्तीचा आकडा आणि सेटिंग्ज लिहून ठेवा, परतीची वाट आहे का ते बघा, आणि यूपीएस लावा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि चिप अर्धवट लिहिलेली असताना ती गेली तर सीआयएचची गरजच उरत नाही. अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू व्हायला यंत्र बराच वेळ घेतं, कारण फर्मवेअर मेमरीची जुळवणी नव्याने करत असतं. घाबरून तेव्हा बटण दाबू नका.

आणि हो, हे सगळं करण्याआधी फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात. हॅमिंग यांच्या यंत्राने टाकून दिलेलं काम पुढच्या शनिवारी पुन्हा करता येत होतं. आपल्या आजीचा फोटो पुन्हा काढता येणार नाही.

तुमचा सर्व्हर नेमका कधी आणि कसा पडतो, ते नोंदीसकट कळवा. त्यातली निवडक प्रकरणं पुढच्या एखाद्या भागात एकत्र सोडवू. तोवर नमस्कार!