मोटारीच्या रंगाचें कूळ

जुन्या मोटारीच्या रंगाचा टवका उडाला कीं उघड्या पत्र्याला गंज धरतो. तो टवका बुजवावा कसा, याचें उत्तर रंगाच्या इतिहासांत सांपडतें. १९१४ ते १९२५ पर्यंत फोर्डची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगांत मिळे. इतर अनेक मोटारींवरील तेलरोगणाचे थर वाळण्यास आठवडे लागत. १९२३ सालीं ड्यूपॉन्टचें ‘ड्यूको’ लॅकर आलें आणि हें काम तासांवर आलें. द्रावक उडून सुकणारें लॅकर नव्या लेपाखालीं पुन्हां विरघळतें व त्याशीं एकजीव होतें. भट्टींत पक्क्या झालेल्या एनॅमलवर मात्र नवा लेप नुसता चिकटून राहतो. म्हणून तेथें कडा आधीं घांसाव्या लागतात. थिनरच्या फडक्याला रंग लागला, तर लॅकर समजावें. गंज खरवडावा, कूळ ओळखावें, मगच कुंचला उचलावा.