सफेद्यापासून फाउंडेशनपर्यंत
मानोऱ्यासारख्या गावी शाळेचे स्नेहसंमेलन असले, की सावळ्या मुलांचे रंगवलेले चेहरे राखाडी दिसतात, हे आपण पाहतोच. असे का होते?

पूर्वी नट चेहऱ्याला सफेदा लावीत. जुना सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट. तो चेहरा चांगला झाकी, पण विषारी होता. 1873 साली बर्लिनमध्ये लुडविग लाइशनर या गायकाने शिसे टाळून स्निग्ध रंग बनवले. ते घामाने सहज ओघळत नसत. भारतात 1952 साली टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली आणि परदेशी मालाला देशी पर्याय आला.

आजच्या फाउंडेशनमध्ये पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि तांबडी, पिवळी, काळी लोह-ऑक्साइडे असतात. टिकाऊ प्रकारांत सिलिकोनचा पातळ पापुद्रा त्यांना धरून ठेवतो. पांढरे प्रमाणाबाहेर गेले, की सावळी त्वचा राखाडी दिसते. गेरूचा तांबडा रंगही लोह-ऑक्साइडाचाच. म्हणजे सावळ्या छटेला महागडे द्रव्य लागत नाही. तरी बाजारात फार काळ गोऱ्या छटांचीच गर्दी राहिली.

म्हणून आधी लहान बाटली घ्यावी. जबड्याच्या कडेला थोडे लावून तासाभराने दिवसाच्या उजेडात पाहावे. त्वचेत मिसळून दिसेनासे होईल, ते आपले. मुलांना रंगवतानाही आपण हीच कसोटी लावू या.