विस्तवाची जागा

आपल्याकडे इतिहास म्हटला की तो सिंहासनापाशी सुरू होतो आणि रणांगणावर संपतो. घरातल्या विस्तवाचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. स्वयंपाकाच्या चुलीचे भाग्य त्यातल्या त्यात बरे. तिला ओव्यांत आणि म्हणींत तरी जागा मिळाली. पण आंघोळीचे पाणी तापवणारा आणि थंड मुलुखांत सारे घर उबदार ठेवणारा जो दुसरा विस्तव, त्याची दखल कुणी फारशी घेतलेली नाही. हा विस्तव घरात नेमका कुठे ठेवायचा, हे निरनिराळ्या काळी माणसाने कसे ठरवले, हा माझ्या गेल्या काही वर्षांच्या वाचनाचा विषय आहे. प्रश्न दिसतो किरकोळ. परंतु त्याचे उत्तर चुकले म्हणून माणसे दगावली आहेत, आणि आपल्या गावांतून आजही दगावतात.

प्रथम आपल्या घरांकडेच पाहू. बेळगाव-खानापूरकडची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना न्हाणीची जागा सांगावी लागणार नाही. माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या पडवीत आले की एका अंगाला न्हाणी, जवळच विहीर, आणि सांडपाणी जाऊन पडणार ते परसातल्या केळीच्या किंवा अळूच्या बुडाशी. चुलवणावर बसवलेला तांब्याचा हंडा, तळाला काजळीचा जाड थर. घरात सुबत्ता असली तर हंड्याच्या जागी बंब. बंबाची रचना मोठी हुशारीची आहे. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, आत पेटती बंबफोड, आणि नळकांड्याभोवती चहूबाजूंनी पाणी. उघड्या चुलीवरच्या हंड्याची बरीचशी आच इकडेतिकडे वाया जाते. बंबात विस्तवालाच पाण्याने वेढलेले असते. पुढे कारखान्यांतून आलेल्या पुष्कळ बॉयलरांचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. आपली भाषाही गमतीची : पाणी तापवतो तोही बंब आणि आग विझवायला धावतो तोही बंबच.

आता हा विस्तव मागच्या दारीच का? कुणी म्हणेल, शास्त्रात अग्नीला आग्नेय दिशा सांगितली आहे. आपल्या भागात वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो. पूर्वेच्या अंगाला असलेल्या चुलीचा धूर अशा वाऱ्याने घरात न शिरता बाहेर जातो. तेव्हा दिशेच्या नियमामागे वाऱ्याचा अनुभव असावा, असे मला वाटते. पण न्हाणीच्या बाबतीत दिशेपेक्षाही तीन गोष्टींचा हिशेब मोठा होता : पाणी कुठून आणायचे, सांडपाणी कुठे सोडायचे आणि धूर कुठून जाऊ द्यायचा. विहीर, केळी आणि कौलांमधली फट यांनी बंबाची जागा ठरवली.

या बाबतीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे काही भेद नाही. आपला हंडा कन्नड घरात ‘हंडे’ होतो, त्याखालच्या चुलीला ‘ओले’ म्हणतात आणि न्हाणीला ‘बच्चलमने’. गोव्यात त्याच तांब्याच्या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडा चिंचेने घासून लखलखीत करायचा, हळदकुंकू लावायचे, वेलीने सजवायचा आणि पाण्याने भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. कन्नडात या दिवसाचे नावच ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण. पाणी तापवणाऱ्या भांड्याची वर्षातून एकदा पूजा करणारी ही आपली सामाईक रीत आहे. निदान त्या एका दिवशी तरी घरातली सगळी माणसे न्हाणीतल्या विस्तवाकडे लक्ष देत.

युरोपात या प्रश्नाचा सर्वांत जुना लेखी विचार मला रोमन स्थपती व्हित्रुव्हियस याच्या ग्रंथात सापडला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने वास्तुशास्त्रावर दहा भाग लिहिले. त्यातल्या पाचव्या भागात स्नानगृहांचा विचार आहे. तो सांगतो, स्नानगृहाला शक्य तितकी उबदार, उत्तरेकडे पाठ असलेली जागा निवडा. ऊन पाण्याच्या दालनावर हिवाळ्यातल्या मावळत्या सूर्याचा प्रकाश यावा. पुरुषांचे आणि बायकांचे ऊन दालन शेजारी-शेजारी असावे, म्हणजे एकाच भट्टीत दोहोंचे भागेल. भट्टीवर पितळी-काशाची तीन भांडी अशी मांडावीत की उन्हातून जेवढे पाणी काढले जाईल तेवढे कोमट भांड्यातून त्यात उतरेल, आणि कोमटात तेवढेच थंड. फरशीखाली सुमारे दोन फूट उंचीचे विटांचे खांब उभारायचे आणि त्यांच्यामधून भट्टीची धग खेळवायची. त्या तळाचा उतार भट्टीच्या तोंडाकडे इतका हवा की आत चेंडू फेकला तर तो गडगडत परत तोंडाशी यावा! भट्टीचे तोंड सहसा स्नान करणाऱ्यांच्या दालनाबाहेर असे आणि तिथे गुलाम राबत असत. विस्तव बाहेर, ऊब आत, हे सूत्र दोन हजार वर्षांपूर्वीच हाती आले होते. मात्र धुरात उभे राहणाऱ्याचा हिशेब त्या सूत्रात नव्हता.

हेच सूत्र पुढे मुसलमानी अमदानीतल्या हमामखान्यांतून आपल्या देशात आले. इंदूर-खांडव्याकडच्या वाचकांना बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमामखाना परिचयाचा असेल. दिल्लीच्या लाल किल्ल्यातही तो आहे. पण या साऱ्या बादशाही सोयी झाल्या. सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत नळातून खेळणारी ऊब पोहोचली ती औद्योगिक क्रांतीनंतर, आणि तीही युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखांत.

तिथे विस्तवाची जागा निसर्गनियमाने ठरवली. पाणी तापले की फुगते, म्हणून हलके होते. ६० अंश सेल्सियसच्या एक हजार लिटर पाण्याचे वजन सुमारे ९८३ किलो भरते. तेच ८० अंशांवर सुमारे ९७२ किलो. हा अकरा किलोंचा फरक, एवढ्याच जोरावर पाणी बॉयलरमधून वर चढायचे, खोल्याखोल्यांतून ऊब देत निवायचे आणि जड होऊन पुन्हा खाली यायचे. पॅरिसमध्ये बोनमॅ नावाच्या गृहस्थाने १७७७ च्या सुमारास ही युक्ती कोंबडीची अंडी उबवण्यासाठी वापरली. पुढे तीच माणसांच्या घरांना लागू पडली. मात्र यात एक अट होती : बॉयलर सर्वांत खाली हवा. म्हणून तो तळघरात गेला. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जुन्या घरांत तो आजही तळघरातच सापडतो. कोळसा तिथेच ओतायचा, राख तिथूनच उपसायची. विजेवर चालणारा छोटा पंप आल्यावर ही अट सुटली आणि बॉयलर घरात कुठेही बसू शकेल असा झाला. तिथून पुढे घरमालकाला खरी निवड करावी लागली, आणि निवडीबरोबर तंटेही आले.

बॉयलर म्हटला की स्फोटाचे भय आलेच. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, आणि तेथील कडक नियमांना खरी सुरुवात झाली. आपल्याकडे कलकत्त्यात १८६३ साली असाच भयंकर स्फोट झाला आणि पुढल्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा आला. सर्व प्रांतांसाठी मिळून कायदा झाला तो १९२३ साली. हे कायदे वाफेच्या बंद पात्रांपुरते होते. वरून उघडा असलेला आपला हंडा किंवा सैल झाकणाचा बंब फुटण्याचा प्रश्नच नव्हता. कोंडलेली वाफ सरकारला दिसली, कारण तिचा आवाज होतो. कोंडलेला धूर मात्र मुकाट्याने मारतो, म्हणून तो फार उशिरा दिसला.

त्या धुराची कथा ‘गिझर’ या शब्दापासून सुरू होते. आइसलँडमध्ये ‘गेसिर’ नावाचा उकळत्या पाण्याचा उसळता झरा आहे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला त्या झऱ्याचे नाव दिले. यंत्र होते थेट न्हाणीघरात ठेवायचे, आणि त्याला धुराडे नव्हते! जळलेला वायू स्नान करणाऱ्याच्याच खोलीत सुटायचा. शतकानुशतके पडवीत, परसात, भिंतीपलीकडे ठेवलेला विस्तव सोयीच्या नावाखाली बंद दाराच्या आत आला तो असा.

हवा पुरेशी असली तर गॅस नीट जळतो. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग पायांतले बळ जाते आणि कडी काढायलाही हात उठत नाही.

ब्रिटनने हा धडा सावकाश आणि किंमत मोजून घेतला. १९५२ च्या डिसेंबरातल्या काळ्या धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसे गेली, तेव्हा १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्यांना उतरती कळा लागली. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू देशभरच्या घरांत आला. याच सुमारास ‘बंद पेटी’चा बॉयलर रुळला : तो जळण्यासाठी लागणारी हवा भिंतीबाहेरून घेतो आणि धूरही भिंतीबाहेरच सोडतो; खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच नसतो. ब्रिटनमधल्या १९९८ च्या नियमांप्रमाणे न्हाणीघरात गॅसचे असे उपकरण नव्याने बसवायचे, तर ते बंद पेटीचेच असावे लागते.

माझा एक भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याच्या घरातला बॉयलर बदलायचा झाला तेव्हा कारागिराने तीन जागा सुचवल्या : जिन्याखालचे कपाट, माळा आणि स्वयंपाकघराची बाहेरची भिंत. भाच्याने फोनवर मला सगळा विचार तपशिलाने सांगितला आणि मला व्हित्रुव्हियसच आठवला. जिन्याखालून धुराडे बाहेर काढायचे तर ते लांब न्यावे लागणार. माळ्यावर दुरुस्तीला चढणे कठीण, शिवाय तिथून नळ दूर. १५ मिलिमीटरच्या दहा मीटर नळीत सुमारे दीड लिटर पाणी मावते, म्हणजे दर वेळी तेवढे गार पाणी सोडून दिल्यावर ऊन येणार. आणखी एक अडचण नवी होती. तिकडे २००५ पासून धुरातली वाफ थिजवून तिचीही उष्णता घेणारे बॉयलर सक्तीचे झाले आहेत. त्यांतून आम्लयुक्त पाणी सतत ठिबकते, आणि त्याची नळी घराबाहेरून नेली तर थंडीत गोठते; डिसेंबर २०१० च्या कडाक्यात अशा गोठलेल्या नळ्यांमुळे तिकडच्या अनेक घरांतले बॉयलर बंद पडले होते. शेवटी त्याने स्वयंपाकघराची भिंत निवडली. पाणी कुठून, सांडपाणी कुठे, धूर कुठून. आमच्या आजीच्या न्हाणीचे तेच तीन प्रश्न!

आता आपल्या गावांकडे वळू. वाडे आणि कौलारू घरे पडली, सदनिका उभ्या राहिल्या. पडवी गेली, परस गेले, कौलांमधली फट गेली. न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. म्हणजे दोनशे घनफुटांनाही कमीच. त्यातच भिंतीवर धुराड्याविना गॅसचा गिझर. मिनिटाला पाच लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर सुमारे नऊ किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकाच्या चार मोठ्या शेगड्या एकदम पेटवल्यासारखे. माझ्या हिशेबाने एवढी ज्योत अर्ध्या तासात त्या सबंध खोलीतल्या हवेइतकी हवा खाते. ज्योत बिघडायला तेवढा वेळही लागत नाही. त्यात थंडी म्हणून खिडकी लावलेली, आणि दाराला आतून कडी. महाराष्ट्रात काय, कर्नाटकात काय, दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. मराठी पत्रात एक, कन्नड पत्रात एक. त्यांत नवविवाहित जोडपी असतात, शाळकरी मुले असतात. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. चुलवणाच्या धुराने आमच्या आज्या-पणज्यांचे डोळे गेले, आणि पहाटे चारला उठून बंबफोड पेटवण्याचे काम घरातल्या पुरुषांकडे क्वचितच असे. गिझर आला तो त्यांच्या सुटकेसाठीच, आणि तो राहिला पाहिजे. मात्र जुन्या न्हाणीत एक शहाणपण मुरलेले होते, ते आपण सामान बदलताना टाकून दिले. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जात किंवा वारा खेळणाऱ्या मोरीत लावावा आणि नळाने फक्त ऊन पाणी आत आणावे. ते जमत नसेल तर विजेचा घ्यावा किंवा गच्चीवर सूर्यावरचा बसवावा. यासाठी लागणारी जादा नळी फार तर दहा-पंधरा फुटांची. कारागीर म्हणेल, आतच बरे दिसते. त्याचे ऐकू नये.

यंदाही नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पुष्कळ घरांतून हंड्याच्या जागी गिझरलाच हळदकुंकवाचे बोट लागेल. रीत चांगलीच आहे. बोट लावणाऱ्याने त्याच वेळी वर पाहून एवढेच विचारावे, की बाबा, तुझा धूर कुठून जातो? उत्तर मिळाले नाही, तर पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी पाणी स्वयंपाकघरातच तापवून बादलीने आत न्यावे आणि दिवाळी संपताच कारागिराला बोलवावे.