फुलपाखराचे सोंग आणि एक जनुक

अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू हा क्रम आपण सगळे शाळेत शिकलो. या वाढीत बदल झाले की पिढ्यानपिढ्या कीटकांचे रूप कसे बदलत जाते, यावर अमेरिकेत अनेक प्रयोगशाळांत संशोधन चालते. त्यातल्या एका शोधात मराठी संशोधकाचे नाव पुढे आहे, म्हणून ही थोडी माहिती देत आहोत.

आपल्याकडे लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणारे फुलपाखरू म्हणजे 'कॉमन मॉर्मन'. त्याच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही विषारी 'कॉमन रोझ'चे हुबेहूब सोंग घेतात. पक्षी फसतात आणि मादी वाचते.

रंग आणि नक्षी एकदम बदलते, म्हणजे यामागे शेजारशेजारच्या अनेक जनुकांचा गट असावा, असा जुना तर्क होता. टेक्सास विद्यापीठातून (ऑस्टिन) पीएच.डी. केलेले कृष्णमेघ कुंटे, शिकागो विद्यापीठाचे मार्कस क्रोनफोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की हे काम 'डबलसेक्स' हे एकच जनुक करते. कीटकाच्या वाढीत नर-मादी घडवणारे हे जुनेच जनुक. पंखांच्या नक्षीचे कामही त्याच्याकडेच आले.

पूर्व अमेरिकेत परसात शेपू लावला असेल, तर त्यावर काळ्या पट्ट्यांची हिरवी अळी येते. ती 'ब्लॅक स्वॅलोटेल'ची, म्हणजे मॉर्मनच्याच नात्यातली. याची मादीही विषारी 'पाइपव्हाइन स्वॅलोटेल'सारखी दिसते. अळी मारू नका. चार काड्या तिच्यासाठी ठेवा आणि मुलांना दाखवा.